जखम भरली, ठणका का राहतो?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत नि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळचा विषय उसाचा नाही, कोयत्याचा आहे.

वरूड गटातले आमचे एक सभासद मित्र. घरी संत्र्याचा बगीचा, सोबत थोडा ऊस. बेणे तोडताना त्यांच्या डाव्या मनगटावर कोयता लागला. टाके पडले, महिन्याभरात जखम सुकली. पण करंगळीकडचा भाग बधिर राहिला नि त्याच बधिर हातात आग सुरू झाली. सदऱ्याची बाही लागली तरी ते कळवळत. रात्र रात्र ओले फडके गुंडाळून बसून राहत. "हात चुलीत धरल्यावानी लागते, भाऊ," असे सांगत. वरून पाहावे तर हात धडधाकट. मग गावात बोलणे निघाले, की याला कामाचा कंटाळा आला.

हे सोंग नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांची अशीच आग डॉ. वेअर मिचेल यांनी १८६४ साली लिहून ठेवली आहे. तेही हात ओला ठेवीत.

नस म्हणजे येथे रक्ताची शीर नव्हे, तर मेंदूकडे निरोप नेणारा तंतू. विहिरीवरच्या मोटारीची केबल सोलली गेली, तर मोटार चांगली असूनही ठिणग्या उडतात. तसे कापलेल्या जागचा तंतू काही कारण नसता निरोप पाठवीत राहतो. येथे सूज नाही, म्हणून सुजेच्या नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. डायक्लोफेनॅकसारखी गोळी महिनोन्‌महिने खाल्ली तर पोट नि मूत्रपिंड मात्र बिघडते. बिबा लावणे, डाग देणे, गरम विटेने शेकणे हे तर करूच नये. बधिर कातडीला चटका कळत नाही नि नवीच जखम होते.

मित्रांसोबत आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा सर्वांत उपयोगी पडला तो वहीचा एक कागद. आपला शेतकरी डॉक्टरसमोर "दुखते जी" एवढेच बोलतो नि गप्प बसतो. कागदावर आम्ही लिहून नेले होते: कोयता कधी लागला, कोणते बोट बधिर, आग होते की करंट बसतो की मुंग्या येतात, कशाचा स्पर्श सोसत नाही, झोप किती तास, आजवर कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या. डॉक्टरांनी कापूस नि टाचणी लावून हात तपासला, नसेची विजेवरची तपासणी करविली नि निदान त्याच दिवशी सांगितले.

औषध मिळाले अमिट्रिप्टिलीन, रात्री एक लहान गोळी, नि पुढे गॅबापेंटिन हळूहळू वाढवत. येथे एक घोटाळा होतो. अमिट्रिप्टिलीन मुळात उदासीच्या आजाराचे औषध. कोणीतरी "ही वेडाची गोळी आहे" म्हणाले, की रोगी ती फेकतो. नसेच्या दुखण्यावर ती जगभर दिली जाते. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला तोंड कोरडे पडते, झापड येते, तेव्हा ट्रॅक्टर चालवू नये. हृदयविकार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधी सांगावे. गोळ्या मनाने वाढवू नयेत, एकदम बंदही करू नयेत.

एवढ्याने भागले नाही तर नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे रुग्णालय. मोठ्या रुग्णालयांत अशा वेदनांचे उपचार बहुधा भूलतज्ज्ञ करतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वरूडहून जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणून वार विचारूनच निघावे.

इजा झालेली नसताना हातपाय बधिर होऊन आग होत असेल तर मधुमेह नि कुष्ठरोग यांची तपासणी आधी करावी. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभारले, तेव्हापासून कुष्ठरोगाची भीती आपल्याकडे कमी व्हायला हवी होती, पण लोक अजूनही चट्टा लपवतात. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहे. उशीर झाला तर जंतू मरतात, नस मात्र दुखावलेलीच राहते.

आमच्या मित्रांची आग निम्म्यावर आली आहे. पूर्ण जाईल असे डॉक्टरांनी कबूल केलेले नाही. पण पाच तास झोप लागते नि बाहीचा सदरा ते घालतात. करंगळी बधिरच आहे.

तोडणीच्या टोळ्यांसाठी एक सूचना. कोयता लागून बोट बधिर झाले किंवा हलेनासे झाले, तर नुसते कातडीचे टाके घालून थांबू नये. तुटलेली नस जोडता येते, पण ते काम पहिल्या काही दिवसांत झालेले बरे, नि प्लास्टिक सर्जन ते करतात. जोडलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहाएक महिने. मुकादमांनी अशी इजा त्याच दिवशी चिटबॉयमार्फत गट कार्यालयात कळवावी.