प्लेगने वसविलेले उपनगर

हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंगा हा भाग आज मुंबईच्या ऐन मध्यावर आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तो शहराबाहेरचा होता. येथवर शहर आणले ते प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे निदान झाले आणि दाट वस्तीचे भय सरकारला प्रथमच नीट जाणवले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडावयाच्या, रुंद रस्ते काढावयाचे आणि उत्तरेकडे मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखावयाची, ही त्याची कामे. दादर-माटुंग्याची योजना त्यांतलीच. आखणी शतकारंभीची असली तरी बांधकामाला खरा वेग आला तो पहिल्या महायुद्धानंतर. पारशी कॉलनीच्या उभारणीमागे मंचरजी जोशी या ट्रस्टच्याच इंजिनिअरचा पुढाकार होता.

या भागात रस्त्यावरून चालताना ऊन अंगावर येते, ते योगायोगाने नव्हे. ट्रस्टचा एक नियम होता : इमारतीच्या माथ्यापासून समोरच्या मोकळ्या जागेच्या कडेपर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. गणिताची भीती वाटणाऱ्यांसाठी सांगतो, तीस फूट उंचीला निदान पंधरा फूट मोकळी जागा. रोगाचे मूळ अंधारात आणि कोंडलेल्या हवेत आहे, ही त्या काळची समजूत. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले, परंतु तोवर रस्ते आखून झाले होते! चुकीच्या कारणासाठी का होईना, उजेड मिळाला.

आता, हा उजेड मिळाला कोणाला? ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांना येथले भाडे परवडणारे नव्हते. आले ते पगारदार : कचेऱ्यांतले मराठी आणि गुजराती कारकून, वकील, शिक्षक, माटुंग्याला दक्षिणेकडून आलेली तमिळ मंडळी. चाळीऐवजी येथे 'ब्लॉक' आला, म्हणजे स्वयंपाकघर, मोरी आणि संडास ज्याच्या त्याच्या दाराआड.

घरातल्या या संडासाने मोठा पेच उभा केला. पूर्वी तो घरापासून दूर असे. आता तो स्वयंपाकघराच्या शेजारी आला. मग तो साफ करणाऱ्याने घरात यावयाचे कोठून? अनेक इमारतींत यावर उत्तर काढले गेले : संडास मागच्या बाजूला, त्याला बाहेरून वेगळे दार, आणि त्या दारापर्यंत जाणारा लोखंडी चक्री जिना. नकाशा आधुनिक, विटाळ जुनाच. हे मी केवळ वाचून लिहीत नाही. माझे आजोबा तरुणपणी माटुंग्यात असे जिने चढत. इमारतींची नावे विचारली तर त्यांना एकही सांगता येत नाही. मागचे बोळ मात्र क्रमाने सांगतात. पुढच्या दाराने ते त्यांतल्या एकाही घरात गेलेले नाहीत. त्याच रस्त्यांवरून आता मी कॉलेजला येतो.

ट्रस्टने गरिबांसाठी चाळीही बांधल्या होत्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ दोन खोल्यांत राहिले. पुढे १९३० नंतरच्या दशकात त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, हजारो ग्रंथांना जागा हवी म्हणून. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन याच वास्तूत झाले. म्हणजे एकाच ट्रस्टची चाळही त्यांनी पाहिली आणि कॉलनीही. या भागाच्या इतिहासात बागा, कॉलेजे आणि उडपी हॉटेले यांचे कौतुक पुष्कळ होते. परळहून दादरपर्यंतच्या या प्रवासाला मात्र ओळ-दोन ओळीच मिळतात, हे मला खटकते. जवळूनच जाणाऱ्या किंग्जवेला पुढे त्यांचेच नाव दिले गेले.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, ट्राम १९६४ मध्ये बंद पडली, तरी 'दादर टी. टी.' लोकांच्या तोंडी टिकून आहे. जुन्या तीनमजली इमारती मात्र एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी उंच मनोरे येत आहेत. त्यांना मागचा जिना नसतो. कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट मात्र पुष्कळ ठिकाणी असते.