नाडीवरचे लाल टाके

पोरी, काल फोनवर तू रडलीस. १९ दिवस झाले, काटा ९१.४ वरून हलत नाही, ऑपरेशन फुकट गेलं का गं मावशी, असं विचारलंस. सासूबाई मागेच वावरत होत्या, तुझा आवाज दबलेला होता, म्हणून मीही जास्त बोलले नाही. आता सावकाश लिहिते. दोनदा वाच.

फुकट काही गेलेलं नाही. ११२ वरून ५ महिन्यांत तू ९१ वर आलीस. माझंही तुझ्यासारखंच पोट लहान करायचं ऑपरेशन, स्लीव्ह, झालं तेव्हा मी १२१ किलो होते आणि वय ५२. तेव्हापासून मी वजनाची शंभरपानी वही ठेवली आहे. तिच्यात पहिल्या वर्षातली तीन अडकणी दिसतात. तिसऱ्या आठवड्यात ९ दिवस, चौथ्या महिन्यात २४ दिवस, आणि नववा महिना संपल्यावर तब्बल ४६ दिवस. तिन्ही वेळा मला वाटलं, संपलं सगळं. तिन्ही वेळा काटा पुन्हा उतरला. दीड वर्षानं ७६ वर टेकला, आणि आज मी ८० आहे. हे वरचे ४ किलो बहुतेकांचे परत येतात, त्याचंही दुःख आत्ताच करून ठेवू नकोस.

असं का होतं ते समजलं की निम्मी भीती जाते. तिसऱ्या आठवड्यातलं अडकणं पाण्याचं असतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या एका ग्रॅमला साधारण ३ ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. ऑपरेशननंतर नुसत्या पातळ पदार्थांवर असताना तो साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि काटा धडाधड खाली येतो. मग अंगाला थोडं अन्न मिळू लागलं की साठा पुन्हा भरतो, पाणी परत येतं. आतली चरबी तेव्हाही जळत असते, फक्त काट्याला ती दिसत नाही.

तुझं पाचव्या महिन्यातलं वेगळं आहे. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर २० किलोची तांदळाची गोणी घेऊन चढायचं म्हणजे काय कष्ट पडतात, ते आठव. गेल्या वर्षापर्यंत तू ती गोणी रात्रंदिवस अंगावर वागवत होतीस. चढताना, भांडी घासताना, अगदी झोपेतसुद्धा. आता गोणी उतरली, म्हणजे तिला वागवायचा खर्चही उतरला. त्यात कमी खाणं दिसलं की शरीर आपणहून काटकसरीला लागतं. म्हणून पहिल्या महिन्याचा वेग पाचव्यात नसतो. पहिले सहा महिने उतार जोराचा, नंतर मंद, आणि वर्ष-दीड वर्षानं तो थांबतो. तुझ्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर जी होती, तिची पोटाची बायपास होती, वजनही तुझ्याहून ३० किलो जास्त होतं. तिच्या काट्याशी तुझा काटा लावू नकोस. तिचा फोन आला तर तब्येतीची चौकशी कर, आकडा विचारू नकोस.

आता कान इकडे कर. काटा थांबला की मनात पहिला विचार येतो, अजून कमी खाऊ या. तो ऐकायचा नाही. मी ऐकला. चौथ्या महिन्यात १० दिवस ताक, कलिंगड आणि एक खाकरा यांवर काढले. एक किलो उतरला आणि काटा पुन्हा गोठला. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि केस तर मोरीच्या जाळीवर पुंजक्यानं साचायचे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस तसेही गळतात, ते पुन्हा येतात, पण मी उपाशी राहून त्यात भर घातली. प्रोटीन पोटात गेलं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. स्नायू गेले की खर्च आणखी घटतो आणि काटा आणखी हट्टाला पेटतो.

त्याच दिवसांत मी एक गोष्ट सुरू केली, ती तुला सगळ्यात आधी सांगायला हवी होती. परकराच्या नाडीची गाठ कुठे बसते तिथे, महिन्याच्या १ तारखेला, लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. एकच परकर, एकच नाडी, जेवणाआधीची वेळ. कंबर कमी झाली की गाठ आत सरकते, आणि गाठीपुढचं नाडीचं टोक लांबतं. ते ४६ दिवस काटा मेल्यासारखा पडला होता. पुढच्या १ तारखेला नाडी हातात धरून बघितलं, तर नवा टाका जुन्यापासून तीन बोटं आत होता. हिरव्या बांगड्या आधी मनगटावर रुतायच्या, त्या कोपराकडे घरंगळायला लागल्या होत्या. तू परकर नेसत नाहीस, पण तुझ्या सुती पंजाबी ड्रेसच्या सलवारीला नाडी आहे. इलॅस्टिकची लेगिंग वापरू नकोस या कामाला, ती कुठल्याही कमरेला हो म्हणते.

आणि काट्यावर रोज चढणं बंद कर. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी. काटा फरशीवर ठेव, सतरंजीवर नको. पाळीच्या आधी चार-पाच दिवस अंगात पाणी धरतं. लोणचं-पापड झाला की धरतं. पोट साफ नसलं तरी आकडा वर राहतो. तुझ्या १९ दिवसांत पाळी येऊन गेली का, ते आठवून बघ.

आता ताटाकडे ये. तुला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन सांगितलंय ना? खरं सांग, मोजतेस का? मला मिळालेल्या कागदावर ओट्स, ब्रोकोली आणि सालमन लिहिलं होतं. आमच्या घरात त्यातलं काहीच शिजत नव्हतं, म्हणून मी तो कागद घडी करून ठेवला आणि अंदाजानं खात राहिले. वही मांडली तेव्हा कळलं, मी ३५ च्या वर जात नव्हते. तुझ्या घरचं धरून हिशेब सांगते. २ अंडी म्हणजे १२ ग्रॅम. ७५ ग्रॅम पनीर म्हणजे १४ च्या आसपास. साखर न घातलेला अर्धी वाटी चक्का, ५-६. वाटीभर घट्ट वरण, ६. डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीचा, डब्यातल्या मापाचा एक चमचा २४, डब्यावर बघून घे. इतकं झालं की साठी गाठली. रविवारी सुरमई किंवा चिकन असलं तर पावडर नको.

वरणाचं नीट ऐक. तुझ्या सासूबाई पळीनं वरचं वरण वाढतात. ते चवीला छान, पण डाळ सगळी तळाशी बसलेली असते. आपल्या पोटात आता जेमतेम वाटीभर मावतं, ते पाण्यानं भरून कसं चालेल? पातेल्यात पळी तळापर्यंत घाल, घट्ट भाग वाटीत घे, वर लिंबू पिळ आणि चहाच्या चमच्यानं खा. आधी वरण, अंडं, पनीर. मग भाजी. भात-पोळी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. त्या म्हणतील, एवढंसंच? म्हणू देत. त्यांना एकदा जवळ बसवून दाखव की हीच वाटी संपवायला तुला २० मिनिटं लागतात. माझ्या सासूबाईंनी बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच तळातलं वाढायला लागल्या.

जेवताना पाणी नको. तांब्या-भांडं ताटाजवळ ठेवायची आपली सवय आहे, तो तांब्या ओट्यावर ठेव. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं घोट घोट सुरू कर, दिवसाचं दीड ते दोन लिटर व्हायला हवं.

आणि पोरी, खारी. मी तुझ्या घरी आले होते तेव्हा चार वाजता चहात बुडवून दोन खाल्ल्यास. मी तेव्हा बोलले नाही. चिकन खाताना दोन घासांत पोट भरतं, पण खारी, मारी, कुरमुऱ्याचा चिवडा, आईस्क्रीम, हे सगळं विरघळून घसरून जातं. पोटाला कळतच नाही काही आलं म्हणून. चहाचंही तसंच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, दूध वेगळंच. ज्या बाईचा सगळा दिवस ९००-१००० कॅलरीत बसतो, तिच्यासाठी हा जेवणाएवढा हिशेब आहे. मी आधी एक चमचा केला, मग अर्धा, दोन महिन्यांनी सोडली. एकदम सोडायला जाऊ नकोस, चिडचिड होते आणि मग बेसनाचा लाडू तोंडात जातो. उपासाची साबुदाण्याची खिचडी बंदच ठेव. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रोटीन जवळजवळ नाहीच. नवरात्र करायचंच असेल तर दही, पनीर, दूध यांवर कर, आणि आधी डॉक्टरांना विचार.

भूक नाही म्हणून जेवण चुकवतेस, तेही थांबव. स्लीव्हमध्ये पोटाचा जो तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग काढतात, त्यातच घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. म्हणून सध्या तुला भूक वाटत नाही. पण सहा महिन्यांनी, वर्षानं ती परत डोकावते, माझी आठव्या महिन्यात आली. तोवर चार वेळा घड्याळ बघून खायची सवय हाडात मुरली पाहिजे. भूक आल्यावर नव्यानं शिकायला जाशील तर फार जड जाईल.

चालणं चांगलं चाललंय, पण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता १० वेळा उठ, दिवसातून तीनदा. एक-एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली कर. महिन्यानं जमिनीवर मांडी घालून बस आणि आधाराशिवाय उठून बघ.

गोळ्या रोज. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास जाऊ दे, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. आपल्याकडे बी-१२ आधीच कमी असतं, त्याची तपासणी चुकवू नकोस. थायरॉईडची गोळी जुन्या वजनाच्या हिशेबानं चालू आहे ना? ती तपासून घे. काही औषधंही वजन धरून ठेवतात, स्टेरॉईड, इन्सुलिन, मनाच्या आजारावरची काही. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. भूक मारणारी इंजेक्शनं कुणाच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून आणू नकोस.

घरात पाळण्याच्या गोष्टी सुरू झाल्यात असं ताईकडून कळलं. वजन उतरलं की पीसीओडीवाल्या बायकांना लवकर दिवस राहू शकतात, आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष ते टाळायला सांगतात. तू आणि जावईबापू मिळून डॉक्टरांशी याबद्दल बोला. सासूबाईंशी बोलायला लागलं तर मी बोलेन.

आता एक गोष्ट वजनाची नाही. वारंवार उलट्या झाल्या, पाणीसुद्धा ठरेना, हातापायांना मुंग्या आल्या, एकाचे दोन दिसले किंवा चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठ. बी-१ संपलं की असं होतं आणि उशीर केला तर भरून येत नाही. तेव्हा मला फोन नंतर कर.

आठ दिवस मी सांगितलं तसं कर आणि सगळं वहीत लिही. प्रत्येक घास, प्रत्येक चहा, खारीसुद्धा. वही स्वच्छ असूनही दीड-दोन महिने काटा आणि नाडी दोन्ही हलली नाहीत, तर आपण दोघी तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ, वही घेऊन. शनिवारी मी एसटीनं निघते, दुपारी पोचेन. येताना माझी जुनी नाडी आणते, १४ टाके आहेत तिच्यावर. तू सुई आणि लाल दोरा काढून ठेव.