महाविद्यालयाचे मौन

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील कित्येक मुले पुढील शिक्षणासाठी नागपुरास जातात. तेथे महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा लागू आहे. छळ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु कायद्याचे खरे मर्म पुढेच आहे. तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपीस निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे धाडावी. यात हयगय करणारा प्रमुख अपराधास साहाय्य करणारा मानला जातो. संस्थेची अब्रू जाईल, ही सबब चालत नाही. छिंदवाड्यास जाणाऱ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या देशव्यापी नियमांचा आधार आहे. त्यांत गुन्हा दिसताच चोवीस तासांत फिर्याद नोंदविण्याचे बंधन आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांसही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते न वाचताच सही करणारे पालक थोडे नाहीत!