समुपदेशनाची पदविका घेण्यापूर्वी

बीएला मानसशास्त्र घेतलेली मुलगी घरी सांगते, मला समुपदेशक व्हायचं आहे. त्यावर अकोट तालुक्यातल्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे शिकून नौकरी लागते काय?" सोयाबीन-कपाशीच्या भावावर ज्या घराचं वर्षाचं गणित चालतं, तिथे हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : नेमकं काय शिकून? आज समुपदेशनाच्या नावाखाली तीन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेपासून दोन वर्षांच्या पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणापर्यंत सगळं काही मिळतं, आणि शेवटी भिंतीवर लावायला प्रमाणपत्र सगळीकडेच मिळतं. फरक पुढे कळतो, जेव्हा समोर खरा माणूस येऊन बसतो.

म्हणून आधी क्रम समजून घेऊ. पदव्युत्तर प्रमाणपत्र किंवा पदविका हा समुपदेशनाचा पाया नाही. पाया म्हणजे एमए किंवा एमएस्सी मानसशास्त्र, नाहीतर एमएसडब्ल्यू. त्यावर सहा महिन्यांचा किंवा वर्षभराचा अभ्यासक्रम करून एखाद्या क्षेत्रात खोल जाता येतं : शालेय समुपदेशन, कुटुंब आणि विवाह, व्यसनमुक्ती, करिअर मार्गदर्शन. बऱ्याच पदविकांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, त्यामुळे बीकॉमनंतर थेट पदविका घेऊन पाटी लावावी असा मोह होतो. तो टाळा. अशी पदविका शिक्षकाला, परिचारिकेला, संस्थेत काम करणाऱ्याला आपलं चालू काम सुधारायला उपयोगी पडते. तेवढ्यावर स्वतंत्र व्यवसाय उभा राहत नाही, आणि राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने आली आणि तिने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमालाच तिथे किंमत आहे. एमए मानसशास्त्र झाल्यावर करता येणारी पुनर्वसन मानसशास्त्राची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका तिच्याच कक्षेत येते. 'समुपदेशक' या शब्दावर मात्र वर्षानुवर्षं असं कोणतंच बंधन नव्हतं. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्र आणि आरोग्य समुपदेशन हे व्यवसाय एका चौकटीत आणले. त्याचा पहिला मोठा परिणाम दूरशिक्षणावर झाला. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखालच्या विषयांचे नवे प्रवेश दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं. आपल्या भागात नोकरी सांभाळून किंवा लग्नानंतर शिकणाऱ्या कितीतरी जणींची भिस्त दूरशिक्षणावर होती. तेव्हा एखादा एजंट "घरबसल्या एमए सायकॉलॉजी" म्हणत दारात आला, तर पैसे भरण्याआधी अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाची आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता स्वतः पाहा.

आता मुद्द्याचं. दोन पदविकांमधून एक निवडायची असेल, तर फीपेक्षा आणि नावापेक्षा एकच गोष्ट बारकाईने विचारा : विद्यार्थ्याला प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास काम करायला मिळतं, आणि ते काम कोण तपासतं? ऐकून घेणं पुस्तकातून येत नाही. शिकाऊ समुपदेशक पहिल्या काही बैठकांत हमखास सल्ला देऊन मोकळा होतो, नाहीतर समोरच्याचं रडू थांबवायची घाई करतो. बैठकीनंतर अनुभवी मार्गदर्शकासमोर बसून "इथे तू त्याला का तोडलंस?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय ती सवय सुटत नाही. याला देखरेखीखालचा सराव म्हणतात. तो जिथे नाही, तिथली पदविका म्हणजे फक्त परीक्षा. प्राध्यापकांपैकी स्वतः समुपदेशन करणारे किती, इंटर्नशिप कोणत्या शाळेत किंवा रुग्णालयात होते, विद्यार्थ्यांना स्वतः समुपदेशन घ्यावं लागतं का, हेही विचारून घ्या. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांचे नंबर मागा. चांगली संस्था ते आनंदाने देते.

वऱ्हाडात या कामाची गरज किती आहे, हे वेगळं सांगायला नको. पण प्रशिक्षित माणूस गावात पोहोचला तर काय होतं, याचा पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गोव्याच्या 'संगथ' या संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी मानसिक प्रथमोपचार द्यायचे, त्यापुढची गरज असेल तर समुपदेशकाने ठरावीक पद्धतीने बैठका घ्यायच्या आणि गंभीर रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचा, अशी तिथे पायऱ्यांची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. प्रकल्पानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. मला यातली मधली पायरी फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या तालुक्यांत नेमकी तीच रिकामी आहे. आशाताई गावात आहेत, मानसोपचारतज्ज्ञ अकोला-अमरावतीला आहेत. या दोघांच्या मध्ये बसणारा, वऱ्हाडीत बोलणारा, जमल्यास मेळघाटच्या पायथ्याशी कोरकूही समजणारा समुपदेशक कुठे आहे?

सरकारी यंत्रणेने ही जागा थोडीफार ओळखली आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याच्या आरोग्य विभागाने सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातल्या १४ जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत, एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांत समुपदेशक असतात. या जागांसाठी मानसशास्त्र, समाजकार्य अशा विषयांतली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मागतात. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या पदासाठी एमएसडब्ल्यू आणि अनुभव लागतो, हे मुलगी एमए करायचं की एमएसडब्ल्यू या विचारात असेल तर आधीच लक्षात घ्या. आरोग्य विभागातल्या यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत आणि मानधन बेताचंच असतं. पालकांपासून हे लपवण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिथे जो अनुभव मिळतो, तो खासगी दालनात बसून मिळणार नाही.

मागणी सर्वांत झपाट्याने वाढणार आहे ती शाळा-कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये. नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या विशाखापट्टणममधल्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं त्यात म्हटलं आहे. कोचिंग क्लासेसही यात आले. अकोल्याच्या क्लासेसमध्ये आसपासच्या जिल्ह्यांतून किती पोरं येऊन खोल्या करून राहतात, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्याशी गुण आणि रँक सोडून बोलणारं कोणीतरी असणं ही त्या पोरांची आजची गरज आहे. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी शालेय किंवा किशोरवयीन समुपदेशनाची पदविका निवडावी, आणि तिच्यात पॉक्सो कायदा शिकवतात का हे आवर्जून पाहावं. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२च्या या कायद्याने बंधनकारक आहे. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊन बसलेला समुपदेशक तिथे अडचणीत येतो, आणि मूलही.

करिअर मार्गदर्शनाचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. त्या शिकवणाऱ्या किंवा विकायला लावणाऱ्या कोर्सकडे फिरकू नका. कलचाचणी नीट वापरायला ती कोणत्या वयाच्या, कोणत्या भाषेच्या मुलांवर प्रमाणित झाली आहे हे कळावं लागतं. महानगरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांवर बेतलेली चाचणी पोपटखेडच्या पोराला लावून त्याला 'सरासरीहून कमी' ठरवणं हा अन्याय आहे.

लहान गावात स्वतःचं दालन टाकायचं तर एक खास अडचण येते आणि पुण्या-मुंबईच्या पदविकांत ती क्वचितच शिकवली जाते. अकोटात समोर बसलेली बाई तुमच्या मावशीच्या शेजारची निघते. तिचा नवरा तुमच्या वडिलांना बाजार समितीत रोज भेटतो. गुप्तता पाळायची म्हणजे रस्त्यात भेटल्यावर आपण आधी ओळख दाखवायची की नाही, इथपासून विचार करावा लागतो. पाटीवर काय लिहायचं, दालन दवाखान्याच्या इमारतीत घ्यायचं की शाळेजवळ, लग्नाच्या पंगतीत कोणी विषय काढला तर काय बोलायचं, यांची उत्तरं आपल्या मार्गदर्शकाबरोबर बसून काढावी लागतात. म्हणून अभ्यासक्रम संपल्यावरही महिन्यातून एकदा तरी आपल्या केसेस एखाद्या अनुभवी व्यक्तीपुढे, नावं न घेता, मांडत राहणं आवश्यक आहे. पुण्याचं 'मुक्तांगण', ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली 'आयपीएच', अशा जुन्या संस्थांचं काम जवळून पाहायची संधी मिळाली तर सोडू नका. मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक झालेली दिसतात, आणि ऐकणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

आधीच शिक्षक असलेल्यांसाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम. त्याची रचना सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने आपल्या भागात इंटर्नशिप अशी आहे. तो घेणाऱ्या संस्थांपैकी आपल्याला जवळची म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. यंदाचं वेळापत्रक आणि पात्रता एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. प्रत्यक्ष वर्गांचे तीन महिने भोपाळला राहावं लागेल, तेव्हा अर्ज भरण्याआधीच संस्थाचालकांकडून किंवा जिल्हा परिषदेकडून त्या काळाची लेखी परवानगी घेऊन ठेवा.