बिनतक्रार मर्ज

मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला की नवशिक्या प्रोग्रामरच्या चेहऱ्यावर जी अवकळा पसरते ती मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी मला असेच वाटत आले आहे की ही भीती अस्थानी आहे. कारण जो तंटा गिटने आपण होऊन नजरेस आणून दिला त्याचा निवाडा थोड्या धीराने करता येतो, परंतु जेथे तंटा असूनही गिटने चकार शब्द काढला नाही, तेथे नुकसान होऊन गेल्यावरच त्याची वार्ता आपल्या कानी येते.

लिनक्स कर्नलच्या कामासाठी मिळत असलेली बिटकीपरची विनामूल्य सवलत बंद झाल्यामुळे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहावयास घेतले, तेव्हा जगभर विखुरलेल्या माणसांचे काम झपाट्याने एकत्र करता यावे ही त्यांची मोठी निकड होती. आणि त्यासाठी गिट जी रीत वापरते ती वस्तुतः साधी आहे. दोन ब्रँच जेथून फुटल्या तो सामाईक पूर्वज शोधावा, त्या मूळ प्रतीशी दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, एकाच बाजूने जेथे फेरफार केला असेल तेथे तो निमूटपणे मान्य करावा, आणि दोघांनी एकाच जागी निरनिराळे फेरफार केले असतील तरच माणसाला हाक मारावी. या सर्व खटाटोपात गिटला ओळी दिसतात. त्या ओळींनी सांगितलेला अर्थ दिसत नाही.

एका कार्यालयात आम्ही थकबाकीच्या वसुलीचे सॉफ्टवेअर करीत होतो. अपूर्णांकांच्या हिशेबातील घोटाळे टळावेत या रास्त हेतूने एका सहकाऱ्याने आपल्या ब्रँचवर विलंब आकार काढणाऱ्या फंक्शनचे उत्तर रुपयांऐवजी पैशांत आणले, आणि ते फंक्शन ज्या ज्या ठिकाणी वापरले होते ती सर्व ठिकाणे इमानेइतबारे दुरुस्त केली. त्याच सुमारास दुसऱ्याने थकबाकीच्या नोटिशीची एक नवी फाइल लिहिली आणि तीत तेच फंक्शन जुन्या समजुतीने, म्हणजे रुपयांच्या हिशेबाने, वापरले. नोटिशीची ब्रँच आधी मेनमध्ये गेली, पैशांची नंतर. दोघांनी एकमेकांच्या एकाही ओळीला हात लावलेला नसल्यामुळे मर्ज बिनतक्रार पार पडला, आणि पन्नास रुपयांचा विलंब आकार पाच हजार रुपये म्हणून छापला गेला. नोटिशी पाकिटांत भरण्यापूर्वी हिशेबनिसांनी एक सहज उचलून वाचली, म्हणून अब्रू वाचली.

“पण सर, कॉन्फ्लिक्ट तर आलाच नव्हता,” असे तो सहकारी म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. दोन्ही ब्रँचच्या टेस्ट आपापल्या जागी पास झाल्या होत्या. त्या दोहोंपासून जी तिसरीच वस्तू निर्माण झाली तिच्यावर मात्र कोणी टेस्ट चालवल्या नव्हत्या. तेव्हा मर्ज झाल्यावर, मेनवर पुश करण्यापूर्वी, सगळ्या टेस्ट पुन्हा चालवाव्यात हे ओघानेच आले. पण त्याहूनही उपयोगी ठरलेली सवय अशी, की फंक्शनचा अर्थ बदलला तर त्याचे नावही बदलावे. म्हणजे जुन्या नावाने हाक मारणारी फाइल कोणत्याही ब्रँचमधून आली तरी बिल्ड तिथल्या तिथे अडते आणि मूक तंटा बोलका होतो.

कॉन्फ्लिक्ट प्रत्यक्ष उभा राहतो तेव्हा माझा आग्रह एवढाच, की मूळ मसुदा पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये. वाटणीच्या दाव्यात जुने दप्तर न मागवता केवळ दोन भावांच्या जबान्यांवर हुकूम लिहिणारा मामलेदार आणि नुसत्या दोन बाजू वाचून कॉन्फ्लिक्ट सोडवणारा प्रोग्रामर, यांत मला फारशी तफावत दिसत नाही. दुर्दैवाने गिट एरवी दोनच बाजू दाखवते. समजा, वर ‘सवलत_दिवस = २१’ आणि खाली ‘मुदत_दिवस = १५’ असे दिसले, तर वाद एकवीस आणि पंधरा यांचा आहे असेच कोणीही समजेल. परंतु ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ ही सेटिंग ‘डिफ३’ अशी ठेवली असता मधोमध मूळ ओळही दिसते, ‘सवलत_दिवस = १५’, आणि तत्क्षणी उलगडा होतो की एकाने केवळ दिवस वाढवले आणि दुसऱ्याने केवळ नाव बदलले; उत्तर ‘मुदत_दिवस = २१’, जे दोघांपैकी कोणीच लिहिलेले नाही. २०२२ च्या आरंभी आलेल्या २.३५ या आवृत्तीपासून ‘झेडडिफ३’ ही त्याहून आटोपशीर रीत मिळते. मी तीच वापरतो.

‘अवर्स’ किंवा ‘दीअर्स’ म्हणून एक बाजू सरसकट उचलणाऱ्यांविषयी मला विशेष आदर नाही. त्यातून रीबेस करताना या दोन शब्दांची अदलाबदल होते, आपलेच कमिट ‘दीअर्स’ ठरतात, आणि घाईत असलेला मनुष्य स्वतःचेच काम पुसून मोकळा होतो. संशय आला तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ करून पूर्वस्थितीवर यावे आणि ज्याने ती ओळ लिहिली त्याला विचारावे.

नोटिशींच्या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. चुकीचा मर्ज आम्ही मेनवर रिव्हर्ट केला; पैशांचा हिशेब गेला, जुना रुपयांचा परतला. दरम्यान त्या सहकाऱ्याने रिव्हर्टपूर्वीची मेन आपल्या ब्रँचवर घेऊन नोटिशीत शंभराने भागाकार घातला आणि ब्रँच पुन्हा मर्ज केली. गिटच्या इतिहासानुसार पैशांचा फेरफार पूर्वीच सामील झालेला होता, रिव्हर्टने तो केवळ मजकुरातून काढला होता. म्हणून या खेपेस नुसता भागाकार तेवढा आला आणि पाच हजारांची नोटीस पन्नास पैशांवर उतरली, तीही पुन्हा बिनतक्रार. आता मर्जनंतर टेस्ट चालत होत्या, म्हणून छपाईची पाळी आली नाही.

या पेचाचा खुलासा टोरवाल्ड्स यांनी २००८ च्या डिसेंबरमध्येच केला होता आणि तो गिटच्या दप्तरात आजही आहे: रद्द केलेली ब्रँच दुरुस्त होऊन परत यायची असेल तर आधी तो रिव्हर्टच रिव्हर्ट करावा आणि मग ब्रँच मर्ज करावी. आम्ही तसे केले, आणि रिव्हर्टच्या कमिटमध्ये, तो का केला याच्या जोडीला, ही ब्रँच परत आणताना प्रथम काय करावयाचे तेही लिहून ठेवण्याचा शिरस्ता पाडला. कारण ती परत येते तेव्हा रिव्हर्ट करणारा मनुष्य बहुधा रजेवर असतो.