क्रिम्पिंग पक्कड : सौर पंप व ठिबक स्वयंचलनातील छोट्या विद्युत जोडण्यांसाठी निवड आणि वापर

प्रस्तावना

दिल्लीलगतच्या गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबाद हे औद्योगिक क्षेत्र भारतीय सौर ऊर्जेच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाने येथे १९७७ मध्ये देशातील पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिले सौर पॅनेल विकसित केले. भारतीय मानक ब्युरोची केंद्रीय प्रयोगशाळाही साहिबाबाद येथेच आहे. आज महाराष्ट्रात पीएम-कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनांतून ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे सौर पंप शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसत आहेत. पॅनेल, केबल व मोटार यांची तपासणी कारखान्यात आणि प्रयोगशाळेत होते. मात्र शेतावर दोन तारा जोडताना तयार होणारा जोड कोणत्याही प्रयोगशाळेत जात नाही. त्याची गुणवत्ता जोडणाऱ्याच्या हातातील पक्कडीवर आणि त्याने जागेवरच केलेल्या तपासणीवर अवलंबून असते.

ऐन पाण्याच्या पाळीत पंप बंद पडणे, ठिबकचा एखादा व्हॉल्व्ह न उघडणे किंवा ओलावा संवेदकाने चुकीचे वाचन दाखवणे, या तक्रारींचे मूळ एखाद्या सैल जोडात असू शकते. म्हणून हजारो रुपयांचे उपकरण बदलण्यापूर्वी जोड तपासणे हिताचे ठरते.

दाब-जोड म्हणजे काय?

तारेचे उघडे टोक धातूच्या छोट्या नळीत किंवा पाकळ्यांत ठेवून, योग्य साच्यात दाबून केलेला कायमचा जोड म्हणजे क्रिम्प किंवा दाब-जोड होय. टोकाला लावायच्या या धातूच्या भागास बाजारात थिंबल किंवा लग म्हणतात. यात उष्णतेचा वापर होत नाही. पुरेशा दाबाखाली तारेचे पदर आणि नळीचा धातू दोन्ही आकार बदलतात व त्यांच्यातील पोकळी जवळजवळ नाहीशी होते. हवा व ओलावा आत जाऊ न शकल्याने संपर्कपृष्ठ गंजत नाही. साध्या पक्कडीने नळी चेपली असता ती वरून घट्ट दिसते, परंतु आत पोकळी राहते.

सैल जोडाचे परिणाम साध्या गणिताने समजतात. जोडात निर्माण होणारी उष्णता ही विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. १० अँपिअर प्रवाह वाहत असताना जोडाचा रोध ०.००१ ओहम असल्यास केवळ ०.१ वॅट उष्णता निर्माण होते. तोच रोध ०.१ ओहम झाल्यास १० वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या जोडणीत कोंडते. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो व उष्णताही वाढत जाते. शेवटी जोडणी वितळते किंवा पेट घेते.

संवेदकांच्या तारांतून अतिशय अल्प प्रवाह वाहतो. तेथे जोड तापत नाही, मात्र वाचन अस्थिर होते. नियंत्रक त्याच वाचनावर विसंबून पाणी देत असल्यास पिकाला अकारण ताण बसतो किंवा अतिरिक्त पाणी मिळते.

पक्कडीची निवड

निवडीचा मूळ नियम एकच आहे : तार, थिंबल आणि साचा हे तिन्ही परस्परांशी जुळले पाहिजेत. एकच पक्कड सर्व जोडांना चालत नाही. शेतावरील कामासाठी पुढील चार प्रकार उपयोगी पडतात.

१. आवरणयुक्त थिंबलची पक्कड : स्टार्टर व नियंत्रक पेटीतील गोल किंवा दुपाखी थिंबलसाठी. लाल थिंबल ०.५ ते १.५, निळी १.५ ते २.५ आणि पिवळी ४ ते ६ चौ. मि.मी. तारेसाठी असते. पक्कडीच्या जबड्यावरही याच रंगांचे ठिपके असतात.

२. टोकनळीची पक्कड : अनेक पदरी तार स्क्रूच्या खाचेत घट्ट करण्यापूर्वी तिच्या टोकावर पातळ नळी बसवतात. ही पक्कड नळीला चौकोनी किंवा षट्कोनी आकारात दाबते.

३. सौर जोडणीची पक्कड : पॅनेलच्या एमसी-४ प्रकारच्या जोडण्यांसाठी. यातील ४ हा आकडा संपर्क पिनेचा ४ मि.मी. व्यास दर्शवतो. जबड्यावर २.५, ४ व ६ चौ. मि.मी. असे स्वतंत्र साचे असतात.

४. सूक्ष्म पिनांची पक्कड : ओलावा व तापमान संवेदकांच्या छोट्या जोडण्यांसाठी. या पिनांना पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तारेला आणि मागची जोडी आवरणाला धरते.

खरेदी करताना रॅचेटची पक्कड घ्यावी. रॅचेट म्हणजे दात्यांची अशी रचना, की दाब पूर्ण झाल्याशिवाय पक्कड उघडत नाही. त्यामुळे पहिला जोड आणि थकलेल्या हाताने केलेला पन्नासावा जोड यांचा दाब सारखा राहतो. दोन्ही जबडे बंद करून उजेडाकडे धरावेत. साचे एका रेषेत जुळत नसल्यास पक्कड घेऊ नये. साचे बदलता येणारी पक्कड गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसाठी अधिक सोयीची ठरते.

तारेची जाडी ओळखणे

बाहेरील आवरणावरून तारेची जाडी ठरवू नये, कारण आवरण जाड आणि तांबे कमी असू शकते. पदर मोजावेत, एका पदराचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा आणि पदरांची संख्या × ०.७८५ × व्यास × व्यास हे सूत्र वापरावे. उदाहरणार्थ, ०.२५ मि.मी. व्यासाचे ३० पदर असल्यास क्षेत्रफळ १.४७, म्हणजे सुमारे १.५ चौ. मि.मी. येते.

सूक्ष्म पिनांच्या पक्कडीवर बहुधा अमेरिकन गेज लिहिलेले असते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. अमेरिकन २२ गेज म्हणजे सुमारे ०.३३, २४ गेज म्हणजे ०.२ आणि २८ गेज म्हणजे ०.०८ चौ. मि.मी. मोटार वाइंडिंगच्या तारेसाठी प्रचलित असलेले ब्रिटिश गेज वेगळे आहे. त्यातील २२ गेजची तार सुमारे ०.४० चौ. मि.मी. भरते. म्हणून तार आणताना चौ. मि.मी. मध्येच मागणी करावी. पेटीतील पीव्हीसी तारेवर आयएस ६९४ आणि सौर पॅनेलच्या केबलवर आयएस १७२९३ हे मानक छापलेले असल्याची खात्री करावी.

जोड करण्याची पद्धत

१. विद्युतपुरवठा बंद करून टेस्टर व मल्टिमीटरने खात्री करावी.

२. स्ट्रिपरने आवरण काढावे. ब्लेड किंवा दातांनी आवरण काढल्यास पदर कापले जातात. उघड्या तारेची लांबी थिंबलच्या धातूच्या नळीपेक्षा सुमारे १ मि.मी. अधिक असावी.

३. काळवंडलेले तांबे कापून टाकावे व स्वच्छ भाग घ्यावा. पदर मूळ पिळाच्या दिशेने हलके एकत्र करावेत.

४. तारेला आधी कथलाचे सोल्डर लावू नये. सोल्डर सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड सैल होतो.

५. सर्व पदर नळीत जातील असे पाहावे. तार बसत नाही म्हणून काही पदर कापणे पूर्णतः चुकीचे आहे. त्याऐवजी मोठी थिंबल घ्यावी.

६. थिंबल योग्य खाचेत ठेवून रॅचेट सुटेपर्यंत एकाच वेळी दाबावे. सूक्ष्म पिनेच्या बाबतीत पाकळ्यांची टोके दोन कमानी असलेल्या जबड्याकडे ठेवावीत, म्हणजे ती आत वळून तारेत रुततात.

७. जोड बिघडल्यास तो पुन्हा दाबू नये. तो कापून नवीन थिंबल वापरावी.

तांब्याची थिंबल ॲल्युमिनियमच्या तारेवर बसवू नये. अशा ठिकाणी दोन्ही धातूंसाठी बनवलेली लग वापरावी.

शेतावर करावयाच्या तीन चाचण्या

दृश्य चाचणी : दाबलेल्या भागापुढे पदरांची टोके किंचित दिसावीत. आवरण धातूच्या पाकळ्यांत दाबले गेलेले नसावे, तसेच एकही पदर बाहेर सुटलेला नसावा.

ताण चाचणी : त्याच तारेवर केलेला नमुना जोड वर अडकवून खाली वजन टांगावे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.५ चौ. मि.मी. तारेच्या जोडाने ६० न्यूटन, म्हणजे सुमारे ६ किलो, आणि १.५ चौ. मि.मी. तारेच्या जोडाने १५० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलो ताण सहन केला पाहिजे. ही चाचणी केलेला नमुना प्रत्यक्ष वापरात घेऊ नये.

व्होल्टेज-घट चाचणी : साधा मल्टिमीटर इतका सूक्ष्म रोध थेट मोजू शकत नाही. म्हणून १२ व्होल्टची बॅटरी, वाहनाचा ६० वॅटचा दिवा आणि तपासावयाचा जोड एका मालिकेत जोडावेत. प्रवाह सुमारे ५ अँपिअर असतो. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून, जोड मध्ये येईल अशा १० सें.मी. अंतरावर वाचन घ्यावे. १.५ चौ. मि.मी. तांब्याच्या नुसत्या १० सें.मी. तारेवर ६ ते ७ मिलिव्होल्ट घट दिसते. जोडासह वाचन याच्या जवळपास असावे. ते अनेक पट अधिक असल्यास जोड नाकारावा.

सौर पंपाबाबत विशेष दक्षता

ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही. एका पॅनेलचे खुले व्होल्टेज ४५ ते ५० व्होल्ट धरल्यास दहा पॅनेलच्या मालिकेत ४५० ते ५०० व्होल्ट तयार होतात. ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझण्यास मदत होते. एकदिश प्रवाहात असे घडत नाही आणि ठिणगी पेटती राहते. त्यामुळे पंप चालू असताना एमसी-४ जोडणी कधीही ओढून वेगळी करू नये. आधी नियंत्रक व एकदिश प्रवाहाचा विलगक स्विच बंद करावा. त्यानंतरही पॅनेलच्या तारांत व्होल्टेज असतेच, म्हणून हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या एकमेकींत बसल्या तरी वापरू नयेत, कारण संपर्काचा धातू व मापातील सूक्ष्म फरक कालांतराने जोड तापवतो.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतील संचास पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते. या काळात शेतकऱ्यांनी पॅनेलच्या तारा स्वतः कापू नयेत व तक्रार पुरवठादाराकडे नोंदवावी. जोडणी तापल्याची, काळी पडल्याची किंवा वितळल्याची खूण दिसताच छायाचित्र काढून ठेवावे.

जोडांचे संरक्षण

शेतातील जोड जमिनीत न गाडता पेटीत, जमिनीपासून उंच ठेवावेत. उघड्यावरील जोडांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. केवळ चिकटपट्टी पावसाळ्यात टिकत नाही. नियंत्रक पेटी खतांच्या कोठारात बसवू नये, कारण अमोनियाची वाफ तांबे व पितळ गंजवते. पावसाळ्यापूर्वी आणि रब्बी हंगामाच्या सुरुवातीला पुरवठा बंद करून सर्व स्क्रू व जोड तपासावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावपातळीवरील प्रशिक्षणात एकाच तारेचे तीन जोड करून दाखवावेत : एक योग्य साच्यात, दुसरा एक माप मोठ्या थिंबलमध्ये आणि तिसरा साध्या पक्कडीने. तिन्हींवर ताण व व्होल्टेज-घट चाचणी शेतकऱ्यांकडूनच करून घ्यावी आणि वाचने फळ्यावर लिहावीत. वरून सारखे दिसणारे जोड चाचणीत वेगळे कसे ठरतात, हे त्यांना स्वतःच्या हातांनी पाहता येते. प्रत्येक गटाने एक रॅचेट पक्कड, एक स्ट्रिपर, एक मल्टिमीटर आणि योग्य मापांच्या थिंबल सामायिक संचात ठेवल्यास स्टार्टर, व्हॉल्व्ह व संवेदकांच्या किरकोळ दुरुस्त्या गावातच वेळेवर होऊ शकतात.