पवनेत समुद्री शेवाळ सोडावे का?

प्रश्न : समुद्री शेवाळ जड धातू शोषते म्हणतात. प्लेटिंगचे सांडपाणी मिसळणाऱ्या पवनेत ते सोडता येईल का?
– एक वाचक, संत तुकाराम नगर, पिंपरी

उत्तर : नाही. खाऱ्या पाण्यातले शेवाळ गोड्या नदीत टिकणार नाही. पण ते जिवंत असण्याची गरजच नसते! कोकण किनाऱ्यावरच्या खडकांवर वाढणारे तपकिरी सरगॅसम वाळवून त्याची भुकटी वापरता येते. तिच्यातले अल्जिनेट कॅल्शियम सोडून शिसे, तांबे, कॅडमियम धरते. सौम्य आम्लाने धुतले की धातू सुटतात, भुकटी पुन्हा कामाला येते. क्रोमियम मात्र हट्टी. प्लेटिंगमधले षट्संयुजी क्रोमियम ऋणभारित असल्याने उदासीन पाण्यात फारसे चिकटत नाही; आधी आम्लात त्याचे त्रिसंयुजी रूप करावे लागते. म्हणजे हा उपाय कारखान्याच्या टाकीतला, नदीतला नव्हे. आणि धातू भरलेली भुकटी खत म्हणून कुंडीत घालू नका.